काठावरच्या वस्तू

गोटी तव्याच्या कडेनं गरगर फिरत आली, आता झाऱ्यात पडणार असं वाटलं, आणि ऐन वेळी बाहेर उडून फरशीवर टणटणत निघून गेली.

"पुन्हा," केतकी म्हणाली.

कुणी कुरकुर केली नाही. सकाळपासून हेच चाललं होतं. इचलकरंजीबाहेरच्या एका बंद सूतगिरणीची लांबलचक शेड केतकी हावळनं घेतली होती आणि तिथे ती साखळ्या बांधायची. लाकडी ठोकळा पडला की त्याच्या धक्क्यानं गोटी सुटायची, गोटीनं पळी हलायची, पळीनं दोरा निसटायचा, दोऱ्यानं पाण्याचा तांब्या कलंडायचा, आणि असं होत होत शेवटी जिची जाहिरात असेल ती वस्तू डौलात पुढे यायची. या खेपेला कुकर होता. साखळीच्या टोकाला त्याची शिट्टी वाजायला हवी होती. सगळं सलग, एका दमात, मधे कुणाचा हात न लागता.

काही वर्षांपूर्वी असल्या कामाला कुणी विचारलं नसतं. पण संगणकानं बनवलेली दृश्यं इतकी हुबेहूब व्हायला लागली, की पडद्यावरच्या कशावरच लोकांचा विश्वास राहिला नाही. अशा दृश्यांवर 'निर्मित' असं लिहिणं कायद्यानं सक्तीचं झालं, आणि मग जे खरोखर घडलंय त्याला मोल आलं. त्रयस्थ पंच समोर बसायचे, हात नाही, छुपी तार नाही, मोटर नाही, काटछाट नाही याची खात्री करून घ्यायचे, आणि जाहिरातीच्या कोपऱ्यात 'प्रत्यक्ष' असा शिक्का बसायचा. अशी जाहिरात लागली की लोक हातातलं काम टाकून बघायचे. केतकीला मुंबईची बोलावणी येऊ लागली ती तेव्हापासून.

"ताई, तव्याला जरा तेल लावू काय?" बसूअण्णांनी विचारलं. ते पहिल्यापासून तिच्याबरोबर होते. सुतारकाम, वजनं, दोरखंड, जे जे जड ते त्यांच्याकडे.

"नको अण्णा, तेलानं वेग वाढेल. उन्हानं पत्रा तापलाय, तवाही जरा फुगलाय. थोडं थांबून बघू."

थांबू म्हणाली खरी, पण तिचे पाय थांबले नाहीत. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती फिरत राहिली. हा ठोकळा जरा डावीकडे, तो दोरा जरा ढिला. हात लावून झाल्यावर पुन्हा शंका यायची आणि ती परत फिरायची. बाकीची मंडळी चहा पीत होती, कुणाची तरी चेष्टा चालली होती. साखळी फसली की चहा व्हायचा, हा तिथला रिवाजच होता.

त्याच दिवशी दुपारी तिचा धाकटा भाऊ सन्मित खोकी घेऊन शेडमध्ये आला.

सन्मित पदार्थविज्ञानाचा माणूस. बंगळूरला एका प्रयोगशाळेत तो आवाजानं औषधाचे थेंब हवेत तरंगत ठेवायचं काम करायचा. ती नोकरी त्यानं नुकतीच सोडली होती. का, ते धड सांगत नव्हता.

"ताई, एक हिशेब सांगतो," तो पायरीवर बसत म्हणाला. "तुझा प्रत्येक टप्पा शंभरात नव्व्याण्णव वेळा नीट होतो असं धर. इतकं चांगलं काम कुणी करत नाही. असे शंभर टप्पे एकापुढे एक लावले, तर सगळी साखळी शेवटपर्यंत जाण्याची शक्यता किती?"

"बरीच असेल."

"तीनांत जेमतेम एक. प्रत्येक टप्प्याची शक्यता पुढच्याशी गुणली जाते, आणि गुणत गेलं की ती झिजत जाते. म्हणून तू दिवसभर पुन्हा-पुन्हा करत बसतेस."

"मग? हेच तर काम आहे माझं."

सन्मितनं खोकं उघडलं. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दाटीवाटीनं बसवलेले इवले इवले स्पीकर होते. त्यांतून निघणारा आवाज माणसाला ऐकू येत नाही. पण शेकडो स्पीकरांच्या लहरी नेमक्या एका बिंदूवर गोळा केल्या, की तिथे हवेचा दाब किंचित वाढतो आणि तिथली वस्तू ढकलली जाते. "किती जोरानं? मुंगीनं पाय दिला एवढ्या," तो म्हणाला.

"मुंगीच्या पायानं माझी गोटी हलणार आहे?"

"वाटीच्या तळाशी असेल तर नाही हलणार. कितीही ढकल, परत तळाशीच येईल. पण पालथ्या वाटीच्या माथ्यावर ठेवली असेल, तर? तिथून ती इकडे पडायची की तिकडे, हे ठरवायला फुंकरही पुरते. तुझ्या साखळीतली प्रत्येक वस्तू कधी ना कधी तशा काठावर येते. मी फक्त तेवढाच क्षण धरतो."

तो क्षण कधी येणार, हे सांगायला कॅमेरे होते आणि त्यामागे एक गणनयंत्र. शेडमधली प्रत्येक वस्तू बघून ते पुढच्या काही क्षणांत काय काय होऊ शकतं, ते हजारो वेळा मनातल्या मनात घडवून पाहायचं. कुठे फसणार ते दिसलं, की तिथे मुंगीचा पाय. सन्मितनं त्याला नाव ठेवलं होतं 'बोट'.

"आणि पंच?"

"हात नाही, तार नाही, मोटर नाही. आवाज चालणार नाही, असं कुठे लिहिलंय?"

केतकीला ते पटलं नाही. पण सगळ्यांचे चेहरे दमलेले होते आणि मुंबईहून आलेली जाहिरात संस्थेची माणसं नि पंच सारखे घड्याळ बघत होते. तिनं होकाराची मान हलवली. सन्मितनं स्पीकरांची चौकट पत्र्याखाली टांगली, कॅमेरे लावले.

गोटी तव्याच्या कडेनं गरगर फिरत आली, क्षणभर काठावर रेंगाळली आणि झाऱ्यात पडली. पळी हलली, दोरा निसटला, तांब्या कलंडला. कुकरची शिट्टी अशी खणखणीत वाजली की पंचसुद्धा हसले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि मग सगळे घरी गेले. चहा कुणी केलाच नाही.

त्यानंतर एकही साखळी फसली नाही. पंख्याची, बुटांची, दंतमंजनाची, सगळ्या पहिल्याच खेपेला. पुन्हा मांडायचंच नाही म्हटल्यावर इतक्या हातांची गरज उरली नाही; एकेक करून माणसं दुसऱ्या कामांना लागली. शेडमध्ये केतकी, बसूअण्णा, सन्मित आणि कॅमेऱ्यांचे मिणमिणते दिवे राहिले. दाराशी झोपणारं गावठी कुत्रं बोट सुरू झालं की कान पाडून लांब पळायचं; त्याला तो आवाज ऐकू येत असावा.

केतकीला चैन पडेना. आपण नीट मांडलं म्हणून साखळी पूर्ण झाली की बोटानं सांभाळून घेतलं, हे तिला कळेनासं झालं होतं. एका सकाळी सन्मित यंत्रापाशी खाली मान घालून बसला असताना तिनं मुद्दाम मधल्या रांगेतले चार ठोकळे काढून खिशात टाकले आणि म्हणाली, "चल, एक तालीम घेऊ."

ठोकळे पडत पडत खिंडारापाशी आले. शेवटचा ठोकळा पडताना थोडा तिरका झाला, बाजूला पडलेल्या पेचकसाच्या मुठीवर आपटला. पेचकस घरंगळला, टेबलाच्या पायाला लागला. टेबलावर कुणीतरी ठेवलेली पेन्सिल गडगडत काठापर्यंत आली, डुगडुगली आणि खाली पडली ती नेमकी खिंडारापलीकडच्या ठोकळ्यावर. साखळी पुढे निघून गेली.

केतकीनं पेन्सिल उचलली. "पेचकस माझ्या मांडणीत नव्हता. पेन्सिलही नव्हती."

सन्मितचे डोळे मात्र चमकत होते. "ताई! हे मी त्याला शिकवलेलं नाही! मी फक्त शेवट सांगितलाय. मधला रस्ता त्यानं स्वतः काढला."

"तेच म्हणतेय मी. मग इथे माझं काय काम?"

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू? मी जे मांडलं ते मोडलं, तरी त्याला फरक पडत नाही. उद्या मी काही मांडलंच नाही तरी ते शेवट गाठेल."

सन्मित यावर हसला. त्याला ती थट्टा वाटली. पण जाहिरात संस्थेच्या अमोघ दिघ्यांना, तालमीचं चित्रण पाहिल्यावर, ती थट्टा वाटली नाही. मुंबईहून ते दुसऱ्याच दिवशी गाडी काढून आले.

"मॅडम, म्हणजे हे कुठेही चालेल? मंडईत? एखाद्या घराच्या स्वयंपाकघरात? वस्तू जशा पडल्या असतील तशा, आणि त्यातून साखळी?"

"तिथे माणसं असतात," केतकी म्हणाली.

"असू देत की."

"पुढची साखळी इथेच होईल आणि मीच मांडीन. तुम्हाला चालत नसेल तर राहू द्या."

दिघे समजूतदारपणे हसले आणि विषय बदलला. पुढचं काम मोठं होतं. विजेवर चालणाऱ्या एका नव्या ट्रकची जाहिरात. तिळाच्या दाण्यानं सुरुवात आणि शेवटी ट्रक हवेत उचलला जाणार. शेडमध्ये प्रेक्षक बसणार, देशभर थेट प्रक्षेपण होणार.

तीळ ट्रक कसा उचलणार, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा सन्मितनं सोपं करून सांगितलं. उभा ठोकळा म्हणजे साठवून ठेवलेली शक्ती. तो उभा करताना आपण जे कष्ट घेतले, ते त्याच्यात बसून राहतात. पाडायला लागतो थोडासा धक्का, पण पडताना तो देतो त्याहून कितीतरी मोठा. म्हणून एक ठोकळा स्वतःच्या दीडपट ठोकळ्याला पाडू शकतो, तो त्याच्या दीडपटाला. थोड्याच पायऱ्यांत नखाएवढ्या ठोकळ्यापासून भिंतीएवढ्या शिळेपर्यंत पोचता येतं. "तीळ ट्रक उचलत नाही," तो म्हणाला. "ट्रक बसूअण्णांनी शिळा उभ्या करतानाच उचललाय. तीळ फक्त परवानगी देतो."

बसूअण्णांना हे फार आवडलं. ते शेडभर सांगत फिरले, "ट्रक मी उचललाय, बघा."

काँक्रीटच्या शिळा उभ्या करायला त्यांना महिनाभर लागला. शेवटची तर पत्र्याला टेकेल इतकी उंच. ती पडली की तिच्या वजनानं जाडजूड तारदोर ओढला जाणार आणि कप्प्यांवरून ट्रक वर जाणार होता. काम करताना चुकून काही पडू नये म्हणून प्रत्येक शिळेच्या पुढ्यात लाकडी पाचर ठोकली होती आणि दिसायला लाल रिबीन बांधली होती. सुरुवात होण्यापूर्वी सगळ्या पाचरी काढायच्या, ही बसूअण्णांची जबाबदारी.

त्या दिवशी सकाळी शेड गच्च भरली. वारा नको म्हणून दारं-खिडक्या बंद, पंखे बंद. पंचांनी गणनयंत्राचं कपाट कुलूप लावून सीलबंद केलं. साखळी संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, त्याची वीजही स्वतंत्र बॅटरीवर. एका छोट्या मुलीच्या हातून तीळ सोडला गेला. तो कागदाच्या घसरगुंडीवरून ओघळला, कागदाचा तराजू झुकला आणि साखळी चालू लागली.

पहिली काही मिनिटं केतकीला स्वतःचा श्वासही ऐकू येत होता. साखळी सुरेख चालली होती. गोट्या, पळ्या, बाटल्या, सायकलची चाकं. मग लोकांना रंग चढला, दिघ्यांनी ढोलताशाचं संगीत लावलं. केतकी साखळीच्या बरोबरीनं प्रेक्षकांपुढे बांधलेल्या दोरीच्या कडेकडेनं चालत होती, तेव्हा सहज तिची नजर टोकाकडे गेली.

शेवटच्या शिळेच्या पुढ्यात, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा आडोशाला, बसूअण्णा होते. त्यांच्या हातात पाचर होती. लाल रिबीन लोंबत होती. ते बाहेर यायला वळले आणि तोल जाऊन खाली बसले. पुन्हा उठायला गेले, पुन्हा बसले. त्यांचा पाय तारदोर आणि कप्पीच्या चौकटीत अडकला होता. तोंड उघडं होतं, ते ओरडत होते, पण ढोलांपुढे काही ऐकू येत नव्हतं.

"सन्मित! बंद कर! अण्णा आत आहेत!"

सन्मितनं टोकाकडे पाहिलं. "सील आहे ताई… आणि बंद करून काय होणार? सगळं पडायच्या बेतात आहे, बोटाशिवायही पडू शकतं!"

"मग फोड ते कपाट!"

ती दोरी ओलांडून आत शिरली. प्रेक्षकांत गलका झाला. साखळी तेव्हा शेडच्या मध्यावर होती. केतकीनं पुढची ठोकळ्यांची अख्खी रांग पायानं उधळून लावली. ठोकळे चहूकडे उडाले. मागून येणारा चेंडू त्या खिंडारात शिरला, उधळलेल्या एका ठोकळ्यावरून उसळला आणि बाजूच्या बाटल्यांवर गेला. बाटल्या पडल्या त्या पुढच्या घसरगुंडीच्या तोंडाशी. साखळी पुढे.

तिनं घसरगुंडी उपटून फेकली. ती जिथे पडली तिथे तिच्या टोकावर एक चाक येऊन आदळलं, गिरकी घेऊन सुटलं, आणि आणखी पुढच्या गोट्यांची पेटी फुटली. गोट्या शेकड्यांनी पसरल्या. ती धावली, दोरे तोडले, हाताला लागेल ते पाडलं. जे पाडलं त्यातून काहीतरी नवं सुटत होतं. जिथे एक रस्ता होता तिथे आता दहा झाले होते.

एकदम तिच्या ध्यानात आलं. आपण मोडत नाही आहोत. आपण त्याच्यासाठी आणखी काठ बनवतोय. जितकं उधळू तितक्या वस्तू डुगडुगत राहतील, आणि डुगडुगणारी प्रत्येक वस्तू बोटाची.

ती थांबली. छाती भात्यासारखी हलत होती. कुठे नसतो काठ? वाटीच्या तळाशी. जिथे काहीतरी जड असतं आणि हलत नाही.

मुंगीच्या पायानं शिळा पडणार नव्हती. कुठल्याही रस्त्यानं आलं तरी शिळांपर्यंत पोचायचं तर लांब फळीवरूनच जावं लागणार होतं. सी-सॉसारखी फळी, तिच्या वरच्या टोकावर लोखंडी गोळा पडला की खालचं टोक उसळून पहिल्या शिळेला धक्का देणार. केतकी धावत गेली, फळीच्या खालच्या टोकावर बसली, मग आडवीच झाली आणि दोन्ही हातांनी फळीला मिठी मारली.

समोर गोट्या येताना दिसत होत्या. उठावं, एखादी तरी अडवावी, असं तिचं अंग अंग म्हणत होतं. पाय आपोआप आवळले जात होते. तिनं डोळे मिटून घेतले.

गोळा पडला. फळीनं तिला असं उचललं की मनगटात काहीतरी कडकन मोडलं. फळीचं टोक वर उठलं, शिळेकडे गेलं, आणि तिच्या वजनानं पुन्हा खाली आलं. शिळा किंचित थरथरली आणि जागच्या जागी उभी राहिली.

पाठीमागे आणखी काही वस्तू पडण्याचे आवाज आले, मग एक गोटी बराच वेळ घरंगळत राहिली, मग तीही थांबली. कुणीतरी संगीत बंद केलं. तेव्हा कुठे सगळ्यांना बसूअण्णांची हाक ऐकू आली.

दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. बसूअण्णांच्या घोट्याला प्लास्टर, केतकीच्या मनगटाला. सन्मित दोघांच्या मधे स्टुलावर बसला होता. त्याची दाढी वाढली होती. सील फोडून त्यानं गणनयंत्राची सगळी नोंद तपासली होती आणि तेव्हापासून त्याला धड जेवण गेलं नव्हतं.

"अण्णा, तुम्ही आत का गेलात?"

"पाचर राहिली होती न्हवं. माझीच चूक. साखळी चालू झाल्यावर दिसली. रिबीन हलत होती, म्हणून नजर गेली. म्हटलं, आता ट्रक काय उचलत नाही, सगळ्यांची अब्रू जाणार. गुपचूप काढून येऊ."

"रिबीन हलत होती," सन्मित म्हणाला. "वारा नव्हता, पंखे बंद होते. मग ती कशानं हलली?"

त्यानं दोघांकडे पाहिलं.

"पाचर असेपर्यंत शिळा पडणार नाही, हे बोटाला दिसलं होतं. पाचर काढायला मुंगीचा पाय पुरत नाही. माणूस लागतो. महिनाभर ते तुम्हाला बघत होतं अण्णा. लाल रिबीन दिसली की तुम्ही काय करता, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं रिबीन हलवली. तुमचा पाय अडकेल की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मी त्याला फक्त ट्रक सांगितला होता. माणूस वाचवायचा असतो हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

बसूअण्णांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मी पण ठोकळाच म्हणा की."

"अण्णा, तसं नाही—"

"थांब, बोलू दे. रिबीन त्यानं हलवली, असेल. खरं आत मी गेलो. माझ्या पायानं. कंपनीची अब्रू, ताईची अब्रू, हे माझ्या डोक्यात होतं, त्याच्या न्हवं." ते केतकीकडे वळले. "व्हय का नाही, ताई?"

हो म्हणावं तर रिबीन होती. नाही म्हणावं तर ते ज्या नजरेनं बघत होते ती नजर होती. "तुम्हीच गेलात, अण्णा," केतकी शेवटी म्हणाली. ते खरं होतं असं तिला वाटलं, आणि ते पुरेसं नव्हतं असंही वाटलं.

"आणि मी?" तिनं हळूच सन्मितला विचारलं. "फळीवर?"

"त्यानं हजारो वेळा पुढचं घडवून पाहिलं होतं. प्रत्येक वेळी तू धावत होतीस. आडवी पडून राहिलेली तू त्याला एकदाही दिसली नाहीस."

काही दिवसांनी दिघे शेडवर आले ते पेढे घेऊन. ती घटना जगभर पाहिली गेली होती. निम्मे लोक म्हणत होते हे निर्मितच असणार, निम्मे रडले होते, आणि ट्रकचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पण ते त्यासाठी आले नव्हते. रिबिनीची गोष्ट त्यांना कळली होती. कशी, कोण जाणे. सन्मितनं पंचांना खरं काय ते कळवलं होतं, तिथूनच झिरपलं असावं.

शेडच्या पायरीवर ते सन्मितशेजारी बसले. केतकी गळ्यातल्या झोळीत हात अडकवून थोडी लांब उभी होती.

"सन्मित, गोट्या-ठोकळे विसरा आता," ते मऊ आवाजात म्हणाले. "दुकानात माणूस दोन वस्तूंच्या मधे उभा असतो. हे घेऊ की ते घेऊ. तुमच्याच शब्दांत, काठावर. तिथे पडदा जरा हलला, एखादं पाकीट जरा सरकलं… त्याला कळणारही नाही. कुणाला इजा नाही, जबरदस्ती नाही. हवी ती प्रयोगशाळा देतो. आणि माणूस वाचवायचा असतो, हे तुम्ही या वेळी आधीच सांगा की त्याला. तुम्ही नाही केलंत तर दुसरं कुणीतरी करेल, आणि ते तुमच्याइतकं विचार करणारं नसेल."

शेवटचं वाक्य नेमकं बसलं. केतकीला ते सन्मितच्या खांद्यांवर बसताना दिसलं.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला. दिघे पेढ्यांचा डबा पायरीवर ठेवून गेले.

दुपार उतरायला लागली होती. सन्मित तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. "ताई, मी काय करू? ते म्हणतात ते खोटं नाही. दुसरं कुणीतरी करेलच. निदान माझ्या हातात असेल तर… तू सांग. तू सांगशील तसं करतो."

केतकीच्या ओठांवर उत्तर आलंच होतं. तोडून टाक, जाळून टाक, त्या माणसाला पुन्हा दारात उभं करू नकोस. लहानपणापासून ती सांगायची आणि हा ऐकायचा. एक शब्द पुरला असता. तो तिच्याकडे असा बघत होता की शब्दही लागला नसता, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

आणि तेच तिला दिसलं. तो कुठे उभा आहे ते. काठावर.

तिनं मान हलवली नाही. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ती शेडच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. यानं चुकीचं ठरवलं तर? आपण आत्ता बोललो नाही, याचा जन्मभर पश्चात्ताप होईल तर? बोलावं, बोलावं, असं तिला दर श्वासाला वाटत होतं. तिनं प्लास्टरमधल्या हाताची बोटं दुखेपर्यंत आवळून धरली.

"सांग की," मागून तो म्हणाला. चिडून, जवळजवळ रडवेला होऊन. "एरवी तर सारखी सांगत असतेस."

ती भिंतीकडेच बघत राहिली.

रस्त्यावरून सुताच्या गाठोड्यांचा एक टेम्पो गेला. शेजारच्या यंत्रमागाची खडखड सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. तो उठून निघून गेला असेल असं तिला वाटलं, आणि तरीही तिनं वळून पाहिलं नाही.

शेडच्या आतून लोखंडी शिडी ओढल्याचा आवाज आला. मग पेच फिरल्याचा कर्र आवाज, थोडा थांबून दुसऱ्या पेचाचा. केतकी दारात आली. सन्मित शिडीवर चढून पत्र्याखालची स्पीकरांची चौकट सोडवत होता. एका बाजूचे पेच निघाले होते आणि चौकट तिरकी लोंबत होती. ती उंबऱ्यापाशीच थांबली.

त्यानं खाली पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "एका हातानं जमेल तसं, पण जरा खालून धर ना."